देवघरातले टाक आणि घरची माणसे

मुरुम, उमरगा, नळदुर्ग या पट्ट्यात एखादा माणूस ख्रिस्तावर विश्वास ठेवू लागला की विरोधाची सुरुवात बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या देवघरापासून होते. तुळजापूरची भवानी आणि अणदूर-नळदुर्गचा खंडोबा ही इथल्या असंख्य घरांची कुलदैवते. पाटावर लाल कापड, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या पुजून झिजलेले चांदीचे टाक, शेजारी हळदीकुंकवाने माखलेली परडी. ही परडी सासूकडून सुनेकडे जायची असते. थोरला मुलगा म्हणतो, मी आता रविवारी उपासनेला जातो, देवपूजा माझ्याच्यानं होणार नाही. त्यावर आई त्याच्याशी धर्मशास्त्रावर वाद घालत नाही. ती एवढंच विचारते, ‘मग घट कोण बसवणार? माझ्यामागं परडी कोण धरणार?’ या प्रश्नाला ‘छळ’ म्हणणारा विश्वासी पहिलीच चूक करतो. आई त्याच्या ख्रिस्ताच्या विरोधात उभी नसते. घर तुटेल, देवीचा कोप होईल, भावकी नावं ठेवील, धाकटीचं लग्न अडेल, या भीतीपोटी ती बोलत असते. विरोधाला तोंड कसं द्यायचं हा प्रश्न पुढचा. समोर उभा आहे तो विरोध कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखायला हवं. भीतीतून आलेला विरोध, आपल्याच चुकीतून ओढवलेला विरोध आणि द्वेषातून आलेला विरोध हे तीन वेगळे असतात. तिन्हींना एकच औषध दिलं की साधी तक्रार वैर होऊन बसते.

ही वर्गवारी नव्या करारातच आहे. पेत्राचं पहिलं पत्र आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या लहान लहान मंडळ्यांना लिहिलेलं आहे. त्या पत्रातून दिसणारा त्रास आपल्या ओळखीचा आहे. शेजारी कुजबुजतात, जुने सोबती ‘आता आमच्यात का बसत नाहीस’ म्हणून टोमणे मारतात, अविश्वासी नवऱ्याच्या घरात बायकोला आपला विश्वास जपावा लागतो, मालक चाकराला विनाकारण छळतो. पेत्र या लोकांना धीर देतो, पण त्याच पत्रात तो त्यांना बजावतो की दुःख सोसायचंच असेल तर ते ख्रिस्ती म्हणून सोसा. खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून ते तुमच्या वाट्याला येऊ नये. चोर आणि खुनी यांच्या रांगेत त्याने ढवळाढवळ करणाऱ्याला बसवलं आहे, इकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. आपल्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असंही तो सांगतो. त्यात ‘कोणी विचारलं तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. न विचारता दिलेलं उत्तर घरात भांडण लावतं, हा अनुभव मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत नित्याचा आहे.

मराठी ख्रिस्ती समाजात याचं सर्वांत मोठं उदाहरण कवी नारायण वामन टिळकांच्या घरात घडलं. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या आणि त्यांना व्हायचंही नव्हतं. नातेवाइकांच्या दृष्टीने टिळक त्या दिवशी घराला मेल्यासारखे झाले. पुढची काही वर्षं नवराबायको वेगळे राहिले. नंतर लक्ष्मीबाई परत आल्या त्याही आपल्या जुन्याच धर्मात राहून, सोवळंओवळं सांभाळत. टिळकांसारख्या तापट माणसाने ते चालवून घेतलं, हे मला त्यांच्या सगळ्या कवितेइतकंच मोलाचं वाटतं. एकाच संसारात दोन चुली, दोन पाणी, दोन रीती नांदल्या. 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, जातिभेद माणसाने केलेला आहे असं त्यांचं मन त्यांना सांगू लागल्यानंतर. पुढे ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हा सगळा काळ नवऱ्याचे दोष न झाकता आणि माहेरच्यांना खलनायक न करता लिहिला. टिळकांनी 1895 सालीच हट्ट धरला असता, मुलाला ओढून घेतलं असतं, बायकोच्या देवांची टिंगल केली असती, तर ते पुस्तक झालं नसतं आणि बहुधा तो संसारही उरला नसता. पाच वर्षं वाट पाहणं हा दुबळेपणा नव्हता. ज्याचा विश्वास पक्का असतो त्याला घाई करावी लागत नाही.

आता रोजच्या व्यवहाराकडे येऊ. टाक नदीत टाकू नका, भंगारात घालू नका, कुणाच्या सांगण्यावरून जाळू-मोडू तर मुळीच नका. ते तुमच्या एकट्याचे नाहीत, घराण्याचे आहेत. धाकट्या भावाला किंवा चुलत्याला बोलावून, चार वडीलधाऱ्यांच्या समोर, स्वच्छ कापडात बांधून ते त्याच्या हाती सोपवा आणि सांगा, ‘मला हे आता करता येत नाही, पण तुमच्या श्रद्धेचा मान मला आहे.’ असं टाक देणं आणि टाक फेकणं यांत विश्वासाच्या दृष्टीने तसूभर फरक नाही, माणसांच्या दृष्टीने मात्र जमीन-अस्मानाचा आहे. सासूच्या परडीचंही तसंच. तिच्या हयातीत परडीवरून वाद घालू नका. ‘तुम्ही आहात तोवर तुमची परडी याच घरात राहील, तुमच्या मागं ती नणंदेकडे जाईल,’ असं सुनेने आधीच सांगून ठेवलं तर म्हातारीच्या जिवाचा निम्मा घोर तिथंच मिटतो.

लग्नकार्यात, जागरण-गोंधळात, जावळात काय करायचं, हा प्रश्न पाळकांना सर्वांत जास्त विचारला जातो. करिंथ शहरातल्या मंडळीनेही पौलाला जवळजवळ हाच प्रश्न केला होता. बाजारात मिळणारं मांस देवळात वाहिलेलं असू शकतं, मग ते खायचं का? पौलाचं उत्तर नेमकं आहे: बाजारात जे विकलं जातं ते चौकशा न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर जा आणि वाढतील ते खा, पण ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका, आणि देवळातल्या पंगतीत बसू नका. म्हणजे माणसांशी संबंध पूर्ण ठेवायचा आणि पूजेत भाग घ्यायचा नाही, अशी रेघ त्याने आखली. आपल्याकडे तिचा अर्थ सरळ आहे. भाचीच्या लग्नाला दोन दिवस आधी जा, मांडव घाला, पाहुण्यांना पाणी द्या, आहेर इतरांपेक्षा कमी करू नका, पंगतीत वाढायला उभे राहा. देवकाच्या वेळी, गोंधळाच्या वेळी बाजूला व्हा, आणि ते यजमानाला आदल्या दिवशी खासगीत सांगा. ऐन वेळी, चारचौघांत, नाक मुरडून बाजूला झालेला माणूस कार्याचा अपमान करतो. वर्गणीचंही तसंच. जत्रेची किंवा मंडळाची पावती घेऊन पोरं दारात आली की दार लावून घेण्यापेक्षा, पूजेसाठी देता येत नाही पण पिण्याच्या पाण्याचा टँकर, गल्लीतली लाईट किंवा शाळेच्या वह्या यासाठी एवढे एवढे देतो, असं हसून सांगा, आणि आकडा लाज वाटावी असा नको. दानीएलाने बाबेलच्या दरबारात राजाचं अन्न नाकारलं तेव्हा त्याने ताट लाथाडलं नाही. अधिकाऱ्याची अडचण समजून घेतली आणि दहा दिवसांची परीक्षा करून पाहा अशी विनंती केली. नकार देतानाही समोरच्याची मान खाली जाणार नाही, याची काळजी त्याने घेतली.

मरणाचा प्रसंग याहून कठीण. विश्वासात आलेला माणूस गेला की प्रेत दफन करायचं की दहन, दहाव्याला कुणी बसायचं, यावरून दारातच भांडणं होतात. ही भांडणं प्रेतासमोर मिटत नाहीत, ती माणूस जिवंत असतानाच मिटवायची असतात. आपली इच्छा दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी कागदावर लिहून ठेवा, थोरल्या मुलाला आणि थोरल्या भावाला वाचून दाखवा. दफनभूमीची जागा नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कागदावर नसेल तर मंडळीने तो अर्ज आजच करावा. पाऊस पडत असताना, प्रेत दारात असताना जागा मिळत नसते.

यावर मंडळीतूनच एक आक्षेप येतो: हे सगळं तडजोडीचं नाही का? आई-बापापेक्षा ख्रिस्तावर अधिक प्रीती करावी लागते, असं शुभवर्तमानच सांगत नाही का? सांगतं. पण त्याच ख्रिस्ताने ‘हे देवाला अर्पण आहे’ असं म्हणून आई-बापाला उपाशी ठेवणाऱ्यांना कडक शब्दांत झाडलं, आणि वधस्तंभावरून आपल्या आईची सोय लावली. कोणावर प्रीती अधिक, हा प्रश्न निवड करायची वेळ येते तेव्हाचा आहे. टाकाची पूजा करायची की नाही, इथे निवड आहे आणि तिथे मागे हटायचं नाही. आजारी आईला दवाखान्यात न्यायचं की नाही, भावाच्या शेतावर पेरणीला जायचं की नाही, इथे निवड नाहीच. तिथेही जो तुटतो तो स्वतःच्या अहंकारामुळे तुटतो.

आपल्या चुकीतून ओढवणाऱ्या विरोधाबद्दल बोलायला मंडळ्यांना आवडत नाही, म्हणून मी इथे जरा थांबतो. व्यासपीठावरून दुसऱ्यांच्या देवांची चेष्टा करणारं भाषण हे साक्ष देणं नव्हे. ते द्वेषबुद्धीने केलेलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली गुन्हाही ठरतो. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण ‘गोळ्या बंद कर, विश्वास ठेव’ असं कोणी सांगत असेल तर त्याला मंडळीने तिथल्या तिथे थांबवावं. टी.बी., मिरगी, मधुमेह यांची औषधं तोडल्याने माणूस दगावतो. मग गाव पेटतं, आणि त्या वेळी गावाचं चुकत नसतं. लाऊडस्पीकर परवानगीशिवाय लावू नये आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत लावूच नये, हा नियम सगळ्यांना आहे. मदत आणि उपासना एकाच दिवशी, एकाच जागी ठेवू नका. धान्याची पिशवी प्रार्थनेनंतर वाटली की ती पिशवी आमिष दिसते, मग मन कितीही निर्मळ असो. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत अहमदनगर भागात पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले आणि ‘भाकरीसाठी झाले’ हा शेरा त्यांच्या नातवंडांना ऐकावा लागला. शेरा सगळ्यांच्या बाबतीत खरा नव्हता, पण तो मारायला जागा मिळाली होती.

अल्पवयीनांच्या बाबतीत तर इतिहासाने दोनदा धडा दिला आहे. 1839 साली धनजीभाई नौरोजी या सोळा-सतरा वर्षांच्या पारशी तरुणाच्या प्रकरणात मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्याला स्वतः निवड करू दिली. 1843 साली नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्यामागे मिशनऱ्यांकडे गेलेला धाकटा भाऊ श्रीपत लहान होता, त्याला त्याच कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिलं. पण ख्रिस्ती घरात जेवलेल्या त्या पोराला जात परत घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मोठ्यांच्या ओढाताणीत कोणत्याच घरचा न राहिलेला तो मुलगा आज प्रत्येक पाळकाने डोळ्यांसमोर ठेवायला हवा. दुसरा प्रसंग पंडिता रमाबाईंचा. 1889 साली मुंबईत सुरू झालेलं आणि पुढल्या वर्षी पुण्याला आलेलं त्यांचं मुलींचं शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असा शब्द होता. ख्रिस्ती असलेल्या रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या, 1893 साली गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काही लपवलं नव्हतं, कुणावर जबरदस्ती केली नव्हती. त्यांच्यावर झालेली टीका बरीचशी अन्यायाची होती, असंच मला वाटतं. तरीही पालकांची तक्रार निराधार नव्हती: आम्ही शिक्षणासाठी पाठवलं होतं, असं ते म्हणत होते. म्हणून 18 वर्षांखालच्या मुलाला रविवारच्या शाळेत, शिबिरात, वसतिगृहातल्या प्रार्थनेत आई-वडिलांच्या लेखी संमतीशिवाय बसवू नका. एक सही एक खटला वाचवते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आई-बापाचा हक्क राखते.

‘मार खाणाऱ्यालाच तू दोष देतोस’ असं कोणी म्हणेल. तो दोष मी देत नाही. वरच्या सगळ्या गोष्टी पाळूनही ज्याच्या घरावर दगड येतो, ज्याची उपासना बंद पाडली जाते, ज्याला किराणा द्यायला दुकानदाराला मनाई केली जाते, त्याची काही चूक नसते, आणि त्याला ‘सोसत राहा’ एवढंच सांगणं हा मंडळीचा कमकुवतपणा आहे. दुसरा गाल पुढे करायला सांगणारा ख्रिस्त सूड घेऊ नका असं सांगतो. शेजारच्या विधवेच्या गालावर बसणारी चापट पाहत राहा, असं तो सांगत नाही. फिलिप्पैत चौकशीशिवाय फटके मारून नंतर गुपचूप सोडून देऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना पौलाने ठणकावलं की आम्ही रोमी नागरिक आहोत, तुम्ही स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढा. यरुशलेमेत चाबकाखाली बांधलं तेव्हा त्याने नागरिकत्व सांगितलं आणि शेवटी कैसराकडे दाद मागितली. कायद्याकडे जाणं अविश्वासाचं असतं तर प्रेषितांच्या कृत्यांचे शेवटचे अध्याय लिहिलेच गेले नसते.

आपल्याला रोमी नागरिकत्वाची गरज नाही, संविधानाचं कलम 25 आहे. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व प्रसार करण्याचा हक्क त्यात आहे, मात्र तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस प्रकरणात सांगितलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. हा निकाल अनेक ख्रिस्ती विचारवंतांना खटकतो. मला त्याची कक्षा तोकडी वाटते, पण तो जोवर आहे तोवर त्याच्या आत राहून काम करणं शहाणपणाचं. धर्मांतराबाबतचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत असतात. सीमेजवळ राहणाऱ्यांनी, आळंद-कलबुर्गीकडे प्रार्थनेला जाणाऱ्यांनी दोन्हीकडचा सध्याचा कायदा वकिलाकडून वाचून घ्यावा, ऐकीव माहितीवर राहू नये.

प्रत्यक्ष हल्ला झाला तर क्रम असा ठेवा. आधी बायका-मुलांना सुरक्षित जागी न्या आणि 112 ला फोन करा. हाताला हात भिडवू नका. कोण होते, काय म्हणाले, किती वाजता आले, हे त्याच रात्री कागदावर लिहा. जखम असेल तर सरकारी दवाखान्यातून तपासणीचा कागद घ्या. मोबाइलवरचं चित्रीकरण जपून ठेवा, पण व्हॉट्सॲपवर फिरवू नका. फिरवलेला व्हिडिओ शेजारच्या तीन गावांत आग लावतो. शांतपणे चाललेली उपासना बळजबरीने मोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 300 खाली आणि प्रार्थनास्थळाची नासधूस हा कलम 298 खाली गुन्हा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, ठाण्याला तक्रार घ्यावी लागते आणि नोंदीची प्रत तक्रारदाराला फुकट द्यावी लागते. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. वकिलाचे पैसे नसतील तर 15100 या क्रमांकावर विधी सेवा मिळते. आपल्याच जातसमाजाच्या पंचांनी कुटुंब वाळीत टाकलं तर त्यासाठी महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तो 2017 पासून लागू आहे आणि त्यात 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रारीत ‘अमुक धर्माचे लोक आले’ असं लिहू नका. ज्यांना ओळखलं त्यांची नावं लिहा. दगड माणूस मारतो, धर्म मारत नाही.

जातीच्या दाखल्याचा विषय बहुतेक जण टाळतात, पण मराठवाड्यातल्या मंडळ्यांचा तो दुखरा भाग आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. हा अन्याय आहे असं मी मानतो, कारण बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावाच्या नजरेतली जात धुतली जात नाही. पण चर्चमध्ये एक आणि कागदावर एक असं जगणं हा त्यावरचा उपाय होत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात अर्जदाराचा दावा फेटाळताना, केवळ आरक्षणासाठी असा दावा करणं ही संविधानाची फसवणूक ठरते, असं म्हटलं. बाप्तिस्म्याआधी पाळकाने हे सगळं उमेदवारापुढे मांडावं, त्याला वर्ष-दोन वर्षं विचार करू द्यावा. आणि ज्याची शिष्यवृत्ती जाईल त्या मुलाची फी भरायची तयारी मंडळीने ठेवावी. ती तयारी नसेल तर ‘त्याग कर’ म्हणण्याचा अधिकार मंडळीला नाही.

विरोधाच्या काळात आपण आपल्यावर आलेलं तेवढं मोजतो. आपल्याशी संबंध ठेवणाऱ्यांना काय भोगावं लागतं, ते सुटतं. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित हिंदू मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोशींनी त्यांची नावं छापवली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. न्यायमूर्ती रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. कपभर चहाची ती किंमत ख्रिस्ती माणसाने मोजली नव्हती, त्याच्या दारात आलेल्यांनी मोजली. पुढे संविधान सभेत ‘प्रसार’ हा शब्द राहावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते, तेही हिंदूच. मुरुमच्या गल्लीत आजही तुमच्या घरी चहा पिणारा, पोराच्या दाखल्यावर सही देणारा, जमाव आल्यावर दारात आडवा उभा राहणारा शेजारी लिंगायत असेल, मराठा असेल, मुसलमान असेल. त्याच्यावर कोणती वेळ येते याची विचारपूस करा. त्याच्या मदतीचा फोटो काढून मिरवू नका, त्याला अडचणीत आणू नका.

आणि घरातलं बोलणं लांबणीवर टाकू नका. घटस्थापनेच्या सकाळी, पाहुणे जमलेले असताना, ‘मी बसवणार नाही’ असं सांगायची वेळ स्वतःवर आणू नका. नवरात्राच्या महिनाभर आधी एखाद्या संध्याकाळी आईजवळ जाऊन बसा. तिला काय वाटतं ते आधी पूर्ण ऐकून घ्या, मग आपलं सांगा.